अंगठा देण्याआधी

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिदिनानिमित्त खामगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ९ फेब्रुवारी. १८९७ साली याच दिवशी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या साथीत गेले. त्यांचे नाव निघाले की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. १८९० च्या जूनमध्ये गिरणी कामगारांना ती मिळाली आणि तिचे श्रेय लोखंड्यांचे, यात वाद नाही. पण मी आज त्यांची दुसरी एक मागणी घेऊन उभा आहे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथून साडेपाच हजार कामगारांचा अर्ज निघाला. त्या अर्जात सुट्टी होती, जेवणाची वेळ होती, वेळेवर पगार होता. आणि आणखी एक ओळ होती. काम करताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी.

ही मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडले. म्हणजे एकोणचाळीस वर्षे गेली. लोखंडे ते पाहायला नव्हते. त्या कायद्याला शंभर वर्षे उलटून गेली तरी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस कामावर मेला की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा : "सरकार काही मदत देते का?" गेली कित्येक वर्षे वकिली करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आज त्याच शब्दावर बोलायचे ठरवले. मदत वेगळी आणि भरपाई वेगळी. मदत देणाऱ्याच्या मर्जीची असते. भरपाई घेणाऱ्याच्या हक्काची असते. हा फरक कळला नाही म्हणून आपल्या घरांचे जेवढे नुकसान झाले आहे तेवढे कायदा अपुरा असल्याने झालेले नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या दोन घटना आठवा.

२० ऑगस्ट २०२१. सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीड-तढेगाव भागात समृद्धी महामार्गाच्या कामावर लोखंडी सळया घेऊन निघालेला टिप्पर उलटला. त्या सळयांवर मजूर बसले होते. तेरा जण गेले. पोटासाठी परराज्यांतून आलेली ही माणसे होती. आपल्या जिल्ह्याचे नावही त्यांनी तोवर धड ऐकले नसेल.

दुसरी घटना १ जुलै २०२३ ची. त्याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, त्याच महामार्गावर, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवासी जळून गेले. ओळख पटणे अवघड झाले आणि बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी तिथे उभे होते, हे मला माहीत आहे.

त्या रात्रीनंतर राज्य सरकारने पाच लाख आणि केंद्राने दोन लाख जाहीर केले. ते पैसे चांगलेच. पण कागदावर त्यांचे नाव काय असते ते बघा : सानुग्रह अनुदान. अनुग्रह म्हणजे कृपा. तो धनादेश हातात आला म्हणजे बसच्या मालकावरचा, विमा कंपनीवरचा किंवा कंत्राटदारावरचा दावा संपला, असे अनेक घरांना वाटते. तो संपत नाही. खरे तर तो तोवर सुरूच झालेला नसतो.

आता एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. लोणारकडची एक बाई माझ्याकडे आली. हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिचा नवरा विहिरीच्या कामावर होता. क्रेनची तार तुटली, वर येणारा दगडांचा डबा खाली बसलेल्यांवर पडला. तिने पिशवीतून एक घडी घातलेला शंभरचा स्टॅम्पपेपर काढला आणि म्हणाली, "वकीलसाहेब, ठेकेदारानं पन्नास हजार देल्ले अन् तेराव्याच्या आंधी यावर आंगठा घेतला. आता काई होते का?"

कागदावर लिहिले होते की मृत्यू मयताच्या स्वतःच्या चुकीने झाला, पन्नास हजार रुपये मिळाले, यापुढे काही तक्रार नाही. खाली निळ्या शाईचा ठसा, इतका दाबून उठवलेला की रेषाही दिसत नव्हत्या.

मी तिला सांगितले तेच तुम्हाला सांगतो. या कागदाची किंमत शंभर रुपये, म्हणजे स्टॅम्पपेपरची. १९२३ च्या कायद्याचे कलम १७ सांगते की भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल आहे. कलम ८ सांगते की मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई थेट घरच्यांच्या हातात द्यायची नाही, ती कामगार भरपाई आयुक्तांकडे भरायची. हातात दिलेली रक्कम फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम म्हणून धरता येते. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना ठाऊक होते की तेराव्याच्या आत, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, माणूस कशावरही अंगठा देतो.

ठेकेदाराच्या वकिलाने दुसरा मुद्दा काढला. शेतकऱ्याच्या शेतातली विहीर, तिथला मजूर या कायद्यात बसतच नाही, असा. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामांना हा कायदा लागू आहे त्याची यादी आहे. त्या यादीत बारा फुटांहून खोल खोदकाम आहे. प्रश्न असा आला की विहीर किती खोल होती? त्या दिवशी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने, कुणी सांगितले नसताना, एक वाक्य लिहून ठेवले होते : विहीर अंदाजे सहा परस खोल. पस्तीसेक फूट. त्या एका ओळीवर दावा टिकला. पन्नास हजार वजा झाले आणि उरलेली रक्कम व्याजासह तिला मिळाली. पंचनाम्यात ती ओळ नसती तर वर्षभराने बुजलेल्या विहिरीची खोली कोण मोजणार होते?

आता कायद्याचा गाभा सांगतो. नाव बदलले आहे ते आधी लक्षात घ्या. हा कायदा कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणून आला, नंतर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्याची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी हा शब्द आला. मूळ चौकट तीच आहे. मी जुन्या कायद्याची कलमे सांगतो कारण आज आपल्या जिल्ह्यात रेंगाळलेली बहुतेक प्रकरणे त्या काळातली आहेत.

या कायद्याची सर्वांत मोठी गोष्ट अशी की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम चालू असताना, कामामुळे अपघात झाला, एवढे दाखवले की पुरे. "तो दारू प्यायला होता", "हेल्मेट घालायला सांगितले होते, ऐकले नाही", ही वाक्ये ठेकेदाराच्या तोंडी ठरलेली असतात. माणूस मेला असेल किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर हा बचाव कायदा ऐकूनच घेत नाही.

दुसरी गोष्ट. मालक कोण? मुकादम म्हणतो मी फक्त माणसे आणली. छोटा ठेकेदार म्हणतो मी मोठ्याचे काम करतो. मोठी कंपनी म्हणते या माणसाचे नावच आमच्या हजेरीपटावर नाही. कलम १२ यावर उत्तर देते. जिचे काम कंत्राटावर चालू आहे त्या मूळ कंपनीकडून भरपाई मागता येते. तिने भरावी, आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. त्यांच्या आपसातल्या हिशेबासाठी मजुराच्या घराने थांबायचे कारण नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. निम्मे ७,५००, गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. त्या बाईच्या हातात पन्नास हजार ठेवले होते, हे आठवा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वर.

चौथी गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. आपली पोरे पुण्याला, सुरतेला, मुंबईला जातात. तिथे मेलेल्या पोराच्या आईबापाला वाटते की खटला तिथेच चालवावा लागेल, म्हणून ते सोडून देतात. तसे नाही. दावा करणारा जिथे राहतो तिथेही दावा दाखल करता येतो. मोटार अपघाताच्या दाव्यालाही हाच नियम आहे. पुण्यात पडलेल्या स्लॅबचा दावा आपल्या जिल्ह्यात चालू शकतो. हाच नियम उलट्या दिशेनेही लागू आहे. तढेगावला गेलेल्या मजुरांच्या घरच्यांना दाव्यासाठी बुलढाण्यापर्यंत येणे भाग नव्हते.

आणि मुदत. अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या आशेवर बसू नका.

आता वाहनाचा अपघात. इथे रस्ता दुसरा आहे, मोटार वाहन कायदा १९८८ आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मघाच्याच माणसाचा हिशेब इथे करून दाखवतो. वय तीस, पगार पंधरा हजार, मागे बायको, दोन लेकरे आणि आई. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात. झाले २,५२,०००. मागे चार माणसे असली की त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा. उरले १,८९,०००. २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे या वयाला गुणक १७. रक्कम होते ३२ लाख १३ हजार. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम आणखी वर.

एकच माणूस, एकच पगार. एका दारात साडेपंधरा लाख, दुसऱ्या दारात बत्तीस लाखांवर. आणि कलम १६७ म्हणते की कामावर असताना वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर या दोनपैकी एकच दार उघडता येते. म्हणून पहिला अर्ज कुठे करायचा हे घाईत ठरवू नका. दुसऱ्या दारात चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. त्यात एक खाचही आहे. मालवाहू गाडीत मजूर बसले असतील तर विमा कंपनी म्हणते, हे फुकटे प्रवासी, यांची जोखीम आमच्याकडे नाही. तेव्हा तो मजूर त्या मालाबरोबर, मालकाच्या सांगण्यावरून, कामासाठी निघाला होता हे दाखवणारा कागद किंवा साक्षीदार लागतो. प्रकरणातला नेमका मुद्दा कोणता हे वकिलाला विचारा, आणि तो टाळून बोलत असेल तर दुसऱ्या वकिलाला विचारा.

निष्काळजीपणाच्या वादात पडायचे नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख मिळतात. गाडी ठोकर मारून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली दोन लाख. मुदतीबाबत सावध राहा. कायद्यात आता सहा महिने आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. तो दिलासा आहे, पण अंतरिम आहे. सहा महिनेच धरून चाला.

आणि बायांसाठी एक गोष्ट. घरातली बाई अपघातात गेली की नवराही म्हणतो, "ती काही कमवत नव्हती." न्यायालय असे म्हणत नाही. २००१ च्या लता वाधवा निकालापासून सर्वोच्च न्यायालय गृहिणीच्या कामाला पैशांत किंमत देत आले आहे. तुमच्या घरातल्या बाईच्या कामाची किंमत शून्य लिहून देऊ नका.

जिथे मालकही नाही आणि वाहनही नाही, तिथे काय? तिथे १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आहे. सत्तावनच्या उठावाच्या दोन वर्षे आधीचा. त्याआधीच्या इंग्रजी कायद्यात एक विचित्र गोष्ट होती. माणूस जखमी झाला तर तो दावा करू शके, मेला तर त्याच्याबरोबर दावाही मरे. हा कायदा आला तेव्हापासून पती, पत्नी, आईवडील आणि लेकरे यांच्यासाठी दिवाणी दावा करता येतो. मुदत दोन वर्षे. शेतात विजेची तार तुटून पडली आणि माणूस गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवले आहे की एवढी धोकादायक वस्तू पुरवणाऱ्याने जबाबदारी घ्यायची, चूक कुणाची हे घरच्यांनी सिद्ध करत बसायचे नाही. दवाखान्यातल्या हलगर्जीपणासाठी ग्राहक आयोग आहे, तिथेही दोन वर्षे.

पोलिसांचा गुन्हा ही यापेक्षा वेगळी गोष्ट. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती केस सरकार चालवते. तिच्यात आरोपी सुटला म्हणून तुमची भरपाई बुडत नाही. दोन्हींचे माप वेगळे असते.

आता मी त्या मृत्यूंबद्दल बोलतो ज्यांचा पंचनामाच होत नाही. आजाराने झालेले मृत्यू.

आपण खामगावात बसलो आहोत. हे कापसाचे गाव. खामगाव, मलकापूर, नांदुरा या पट्ट्यात जिनिंगमध्ये काम केलेली माणसे इथे नक्की आहेत. रेच्यावर सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि मध्ये हवेत ती बारीक धूळ. डोक्याला फडके, तोंडाला पदर. संध्याकाळी पदर झटकला की पांढरा धूर निघतो. या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो, बिसिनोसिस. त्याची खूण सोपी आहे. सुट्टीनंतर कामावर परतले की पहिल्या दिवशी छाती आवळून येते, पुढच्या दिवसांत हलकी होते. वर्षे गेली की आठवडाभर राहते, मग कायमची. दवाखान्यात कागदावर लिहून येते "दमा". कधी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू होतात. आणि एक दिवस माणूस जातो, तेव्हा सगळे म्हणतात, दम्याने गेला.

कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. कापसाच्या धुळीचा हा आजार तिच्यात आहे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आहे. यादीतला आजार त्या कामात ठरलेला काळ राहून झाला असेल, तर तो अपघातच समजला जातो आणि भरपाई तशीच मिळते. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर लक्षणे पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरतात. म्हणून त्या दिवसाचा कागद सोन्यासारखा जपा. कारखाने कायद्याने अशा आजाराचा रुग्ण आला की कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. इथे बसलेल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. केसपेपरवर रोग्याचा व्यवसाय लिहा. "जिनिंग, १४ वर्षे" एवढे दोन शब्द आणि एक आकडा. तुमच्या पेनाला दोन सेकंद लागतील, त्याच्या बायकोला त्याच दोन शब्दांवर वीस वर्षे काढायची असतात.

असे दावे जिंकता येतात का? गुजरातमधल्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गेले, सिलिकोसिस घेऊन घरी परतले आणि आपल्या गावात मेले. कारखाना एका राज्यात, चिता दुसऱ्या राज्यात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख द्यायला लावले. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यांतल्या दोन विधवांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये कीटकनाशक कंपनीवर दावा लावला. यवतमाळची बाई बाझलच्या कोर्टापर्यंत जाऊ शकते, तर आपल्याला बुलढाणा दूर नाही.

फवारणी करणारा मजूर कायद्याच्या यादीत आहे आणि सेंद्रिय फॉस्फरस औषधांची विषबाधा आजारांच्या यादीत आहे. म्हणून विषबाधा झाली की औषधाची बाटली फेकू नका. झाकणासह, लेबलासह पिशवीत बांधून ठेवा. दुकानाचे बिल ठेवा. शेतकरी स्वतः किंवा घरातला माणूस गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत. नोंदणीकृत बांधकाम कामगार कामावर गेला तर कल्याणकारी मंडळाकडून पाच लाख, आणि विधवेला पाच वर्षे दरसाल २४ हजार. ईएसआय कापले जात असेल तर आश्रितांना दरमहा पेन्शन मिळते, मात्र मग मालकाकडून भरपाई मागता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी असेल तर त्यासोबत विमा असतो, सात लाखांपर्यंत. वीस रुपयांचा बँकेतला सुरक्षा विमा दोन लाखांचा. पासबुक उघडून वीस रुपये कापले आहेत का, एवढे बघा.

आता कुणी म्हणेल, वकीलसाहेब, हे सगळे ऐकायला ठीक, पण कोर्टात किती वर्षे जातात? मी खोटे सांगणार नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला निघाला. २२ एप्रिल २००३. कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना रस्त्यावर अपघातात गेला. आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले, तो अजून कामावर पोचला नव्हता म्हणून. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. रात्रपाळीला वेळेवर पोचण्यासाठी निघालेल्या माणसाचा तो रस्ता कामाचाच भाग आहे, असे ठरले. बावीस वर्षे गेली. यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. पण त्या पहारेकऱ्याच्या घरच्यांनी दावा सोडला असता, तर आज घरून कामावर निघालेल्या मजुराच्या मागे हा निकाल उभा राहिला नसता.

कोर्टातली ही बावीस वर्षे कमी करणे तुमच्या हातात नाही. पहिले बावीस दिवस मात्र तुमच्या हातात आहेत.

त्या दिवसांत एवढे करा. पोलिसांत मर्ग दाखल झाला का पाहा, त्याचा क्रमांक लिहून घ्या. पंचनामा लिहिताना घरचा एक शहाणा माणूस तिथे उभा करा. जागा, वेळ, खोली, उंची, कोणत्या ठेकेदाराचे काम, गाडीचा क्रमांक, सगळे त्यात येऊ द्या. शवविच्छेदन नाकारू नका. "उगाच चिरफाड कशाला" म्हणणारा नातलग प्रेमाने म्हणतो, पण त्याने दावा मरतो. हजेरीकार्ड, पगाराचे फोनपेचे मेसेज, मुकादमाचे व्हॉट्सअॅप, साइटवर काढलेले फोटो, सोबत्यांची नावे आणि नंबर जपा. मयताचा मोबाइल कुणाच्या ताब्यात देऊ नका, रिचार्ज संपू देऊ नका. वारसदाखला मिळेपर्यंत थांबू नका; कामगार भरपाईत पाहतात ते कुणाचे पोट त्याच्यावर होते, आणि विधवा, अज्ञान लेकरे, अविवाहित मुलगी, विधवा आई यांना तेही वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मालक भरपाई भरत नसेल तर आयुक्त स्वतः त्याला नोटीस काढून विचारू शकतात. साध्या कागदावर त्यांना कळवा.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाई, बालक, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, औद्योगिक कामगार आणि मोठ्या दुर्घटनेत सापडलेला माणूस यांना मोफत वकील मिळतो. बाईला तर तिचे उत्पन्न किती हेही विचारत नाहीत. बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण बसते, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. मिळालेल्या रकमेत टक्का मागणाऱ्या दलालाला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. तो टक्का बेकायदा आहे.

शेवटची विनंती सरपंचांना, पोलीस पाटलांना, आशाताईंना आणि शिक्षकांना. मयताच्या घरी पहिल्यांदा पोचणारी माणसे तुम्ही आहात. ठेकेदाराचा माणूस तुमच्या मागोमाग येतो, हातात पाकीट आणि स्टॅम्पपेपर घेऊन. पाकिटातले पैसे घ्यायचे असतील तर घेऊ द्या, दिवसकार्याला लागतात. कागद मात्र बाजूला ठेवायला सांगा. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेली गोष्ट आपल्याला मिळालेली आहे. ती पुन्हा एका अंगठ्याने परत करायची नाही.

वाहनाचा अपघात असेल तर सहा महिने, कामावरचा असेल तर दोन वर्षे. मोफत विधी मदतीचा दूरध्वनी १५१००. हा क्रमांक आज घरी गेल्यावर चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.